बंब दोन-तीन वर्षांतच का गळतो? दोष लाकडाचा नाही, पाण्याचा. बोअरच्या क्षाराचं गणित समजून घ्या

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) : थंडीची चाहूल लागली की गावागावात अंगणातले बंब पुन्हा पेटू लागतात. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचं सरपण आणि गोवऱ्या यावर दहा-पंधरा मिनिटांत घरभराच्या आंघोळीचं पाणी तापतं. लाइट असो नसो, बंबाचं काम थांबत नाही. पण आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब तीस-चाळीस वर्षं चालायचा आणि आता घेतलेला बंब दोन-तीन हिवाळ्यांत गळायला लागतो, ही तक्रार बहुतेक घरांतून ऐकू येते. कुणी पत्र्याला नावं ठेवतं, कुणी लोहाराला, कुणी लाकडाला. पत्रा पातळ झाला हे खरंच आहे. पण मोठा फरक पडला तो पाण्यात. आधी बंबात आडाचं, नदीचं पाणी पडायचं. आता दोनशे-तीनशे फूट खोल बोअरचं पडतं.

बंबात कोणतं पाणी जातं, त्यात काय विरघळलेलं असतं आणि तापल्यावर त्याचं काय होतं, एवढं समजलं तर बंबाचं आयुष्य वाढतं आणि सरपण वाचतं. मुख्य म्हणजे अपघात टळतो.

पाणी जड कशानं होतं?

मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेतं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी खडकाच्या भेगांतून खाली जाताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. जितकं खोल आणि जितके दिवस पाणी खडकात राहील, तितका क्षार जास्त. म्हणून आडाच्या पाण्यापेक्षा खोल बोअरचं पाणी बहुधा जड लागतं, आणि पावसाळ्यानंतरच्या पाण्यापेक्षा उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावरचं जास्त जड लागतं.

या जडपणाचे दोन प्रकार आहेत. पहिला तात्पुरता. पाणी तापवलं की हा क्षार बाहेर पडतो आणि भांड्याला पांढरा थर धरतो. दुसरा कायमचा. तो सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपात असतो आणि नुसतं उकळून जात नाही. बंबाला त्रास देतो तो मुख्यतः पहिला.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० नुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला जातो. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे ५०० मिलिग्रॅमचं पाणी पिण्याच्या हिशेबात बसतं, पण बंबाच्या हिशेबात ते फार जड आहे. पिण्यायोग्य पाणी आणि तापवण्यायोग्य पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोजच्या आंघोळीत किती चुना?

समजा पाण्यात तात्पुरता कठीणपणा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. पाच माणसांच्या घरात रोज ६० लिटर पाणी तापतं. ६० गुणिले २५० म्हणजे १५ हजार मिलिग्रॅम, अर्थात १५ ग्रॅम. महिन्याला ४५० ग्रॅम आणि वर्षाला जवळपास साडेपाच किलो क्षार त्या बंबातून जातो.

हा सगळा आत बसत नाही. आंघोळीचं पाणी उकळत नसतं, त्यामुळे बराच क्षार पाण्याबरोबर बाहेर जातो. पण तिसरा हिस्सा जरी बसला तरी वर्षाला पावणेदोन-दोन किलो. हा थर सगळीकडे सारखा बसत नाही. जिथं धग सर्वांत जास्त, म्हणजे मधल्या नळीभोवती आणि तळाला, तिथं तो आधी आणि जाड बसतो.

या थराला गावात कुणी खपली म्हणतं, कुणी चुना. तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूसारखाच पदार्थ. तांबं जेवढी उष्णता पुढं नेतं त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही हा थर नेत नाही. आतून चुन्याचा लेप आणि बाहेरून काजळी, या दोन्हींच्या मध्ये पत्रा सापडतो.

सरपणाचं गणितही करून पाहू. ६० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २४०० किलोकॅलरी उष्णता लागते. कोरड्या लाकडात किलोमागे साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. बंबानं त्यातला तिसरा हिस्सा पाण्याला दिला असं धरलं तर दोन किलो लाकूड पुरतं. चुना आणि काजळी मिळून तोच हिस्सा चौथ्यावर आला, तर पावणेतीन किलो लागतं. रोजचे सातशे ग्रॅम जास्त. हिवाळ्याचे १२० दिवस धरले तर ऐंशी किलोंच्या वर सरपण नुसतं धुरात जातं. ते सरपण कुणाच्या तरी डोक्यावरून बांधावरून घरी आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते डोकं बाईचं असतं.

मग गळती कशी लागते?

पत्र्याला आगीपासून वाचवतं ते पाणी. एका बाजूला जाळ असला तरी दुसऱ्या बाजूचं पाणी उष्णता ओढून घेतं, म्हणून पत्रा फार तापत नाही. मध्ये चुन्याचा जाड थर आला की पाण्याचा हात पत्र्यापर्यंत पोचत नाही. पत्रा तिथं जास्त तापतो, फुगतो, थंड झाल्यावर आकसतो. रोज हेच होत राहिलं की डागलेला सांधा सैल पडतो आणि थेंब सुरू होतो.

दुसरं कारण गंज. ताज्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. बंबात रोज नवं पाणी पडतं, म्हणजे रोज नवा ऑक्सिजन. लोखंडी पत्र्याला तो खातो. तळाला गाळ साचला असेल तर गाळाखाली गंज गुपचूप वाढतो आणि एक दिवस टाचणीएवढं भोक दिसतं.

धातूप्रमाणे त्रास वेगळा :

- तांबं : सर्वांत टिकाऊ. मात्र पाणी आंबट असेल, म्हणजे पीएच साडेसहाच्या खाली, तर तांबंही झिजतं. न्हाणीत निळसर-हिरवे डाग पडले तर ती खूण समजावी.
- जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा : स्वस्त पडतो, पण कडक गरम पाण्यात मुलामा लवकर संपतो. मुलामा गेला की आतलं लोखंड गंजतं.
- स्टील : 'स्टीलला काही होत नाही' हा समज अर्धाच खरा आहे. खारट पाण्यात क्लोराइड जास्त असतं. गरम क्लोराइड स्टीलला वेल्डिंगच्या जागी बारीक छिद्रं पाडतं. चवीला खारं पाणी असेल तर हलक्या प्रतीचं स्टील टाळावं.
- मिश्र धातू : तांब्याच्या बंबाला सरळ लोखंडी नळी जोडली तर पाण्यात दोन धातूंची जणू बॅटरी तयार होते आणि लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. जोड पितळी असावा.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. पातळ, कागदाएवढा पांढरा थर वाईट नसतो. तो धातूवर राखणीसारखा बसतो आणि गंज कमी करतो. म्हणून आतून वाळूनं घासून लख्ख करण्याची गरज नाही. थर नखाच्या जाडीचा झाला की मात्र काढावा.

बाहेरच्या बाजूनं राख हाही शत्रू आहे. राखेत क्षार असतात आणि ती दमट हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात राखेसकट ठेवलेला बंब खालून सडतो. ओल्या लाकडाचा चिकट काळा धूरही नळीला आतून चिकटून पत्रा खातो.

साखर कारखान्यात हेच काम रोज चालतं

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं. ऊसतोड कामगार, वाहनमालक, शेतकरी यांना तो सोहळा माहीत असतो. त्यामागं पाण्याची किती काळजी असते, ते कमी लोकांना ठाऊक असतं.

कारखान्याचा बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालतो. तिथं पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागं राहतो. रस आटवताना जसा गोडवा घट्ट होतो, तसा बॉयलरमध्ये क्षार घट्ट होत जातो. म्हणून पाणी आत सोडण्याआधीच मऊ केलं जातं, त्यातला ऑक्सिजन काढला जातो, पीएच अल्कलीकडं ठेवला जातो आणि ठरावीक वेळानं खालून थोडं पाणी सोडून गाळ बाहेर काढला जातो. या सोडण्याला 'ब्लोडाउन' म्हणतात.

रस आटवताना निघालेलं वाफेचं पाणी परत बॉयलरला वापरतात. त्यात चुकून साखर आली तर ती बॉयलरच्या उष्णतेत फुटून आम्ल तयार होतं आणि नळ्या खाल्ल्या जातात. म्हणून प्रयोगशाळेत अल्फा नॅफ्थॉल हे रसायन वापरून साखरेचा अंश तपासतात. साखर असेल तर जांभळी कडी दिसते.

दाबाच्या बॉयलरला कायद्याची वेसण आहे. १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा शंभर वर्षं चालला. आता त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्र असलेला माणूस या गोष्टी तिथं सक्तीच्या आहेत. घरचा बंब या कायद्यात येत नाही, कारण त्यात १०० अंशांखाली पाणी तापतं आणि दाब धरला जात नाही. म्हणजे अंगणातल्या बंबाला निरीक्षक कुणी नाही, घरचा माणूसच निरीक्षक.

परदेशातलं औषध आपल्याकडं चालत नाही

अमेरिका, कॅनडासारख्या थंड देशांत घराबाहेर लाकडावरचा मोठा बॉयलर ठेवतात. त्यातलं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात फिरतं, घर ऊबदार करतं आणि परत येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत असल्यानं त्यात गंजरोधक रसायन घालतात आणि वर्षातून निदान एकदा नमुना तपासतात.

मोबाइलवरचे असे व्हिडिओ पाहून बंबात रसायन टाकायचं मनात आलं तर थांबावं. तिथलं पाणी अंगावर घेत नाहीत. आपल्या बंबाचं पाणी लेकरांच्या अंगावर पडतं. आंघोळीच्या बंबात कोणतंही गंजरोधक रसायन घालू नये.

आपलं पाणी कसं आहे, घरी कसं ओळखावं?

- साबणाची बाटली : दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत साठवलेलं पावसाचं पाणी, दोन्ही अर्ध्या. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येईल. बोअरच्या पाण्याला फेस कमी आणि पांढरा गढूळपणा जास्त दिसला तर पाणी जड आहे. शांपू किंवा कपड्याची पावडर वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.
- लिंबाचा थेंब : बंबातल्या पांढऱ्या खपलीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुना आहे आणि आंबट पाण्यानं निघेल. काहीच झालं नाही तर खपली वेगळी आहे, ती हातानंच काढावी लागेल.
- टीडीएसचं पेन : पाण्याचं मशीन विकणारे हे पेन दाखवतात. ते एकूण विरघळलेले पदार्थ सांगतं, कठीणपणा नाही. टीडीएस जास्त असूनही खपली कमी, असं होऊ शकतं.

नक्की आकडा हवा असेल तर चाचणी करावी. १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासणीचे संच देण्याची आणि गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत संच कुणाकडं आहे ते विचारावं. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर मोटार पाच-दहा मिनिटं चालू द्यावी, स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळावी, काठोकाठ भरून झाकण लावावं आणि तारीख, गट नंबर, बोअर की विहीर ते लिहावं. जंतूंच्या तपासणीसाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते.

बंब साफ करायची पद्धत

खपली चुन्याची असेल आणि बंब तांब्याचा किंवा स्टीलचा असेल तर लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे.

१. बंब पूर्ण थंड होऊ द्या. पाणी सोडा, तळातला गाळ बाहेर काढा.
२. लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवा. २० लिटरच्या बंबाला साधारण अर्धा किलो लागेल.
३. मिश्रण आत ओता. तोंड उघडं ठेवा, कारण वायू निघतो. खाली जाळ करू नका.
४. दोन-तीन तास ठेवा. मधूनमधून लाकडी काठीनं हलवा. बुडबुडे थांबले की पाणी सोडा.
५. थर राहिला तर दुसऱ्यांदा करा. रात्रभर ठेवण्याची गरज नाही.
६. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. पहिली भरती तापवून फेकून द्या, जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नका.

चिंचेच्या कोळानंही हेच होतं, वेळ जास्त लागतो. बंबाला आतून कल्हई असेल तर आंबट पाणी कमी वेळ ठेवावं. जस्ताच्या पत्र्याला मात्र कोणतंच आंबट घालू नये, ते आधी जस्त खातं. तिथं लाकडी उलथण्यानं हलक्या हातानं खपली काढावी.

हे करू नका

- संडास धुण्याचं ॲसिड बंबात घालू नका. ते चुन्याबरोबर पत्रा आणि सांधेही खातं. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.
- तुरटीनं पाणी मऊ होत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेला क्षार नाही. ब्लिचिंग पावडर जंतू मारते, जडपणा कमी करत नाही.
- बंबाचं पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरू नका. त्यात धातूचा अंश उतरलेला असू शकतो. फ्लोराइड आणि नायट्रेट तर उकळूनही जात नाहीत.
- रिकामा बंब पेटवू नका. डाग वितळतो आणि सांधे सुटतात. चुकून पेटलाच तर लगेच गार पाणी ओतू नका, एकदम वाफ उसळून तोंड भाजतं. आग ओढून काढा आणि थंड होऊ द्या.
- बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सर्वांत मोठा धोका : कोंडलेली वाफ

जुन्या बंबात वरून गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून गरम बाहेर येतं. तो कायम उघडा असतो, म्हणून फुटत नाही. आता बरेच जण बंब छतावरच्या टाकीला जोडतात आणि दोन्ही बाजूंना चावी बसवतात. इथं पाण्याचा क्षार जिवावर येऊ शकतो.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे लिटर जागा मागते. दोन्ही चाव्या बंद आणि खाली जाळ चालू असेल तर बंबाचा बॉम्ब होतो. म्हणून अशा बंबाला हवेची उघडी नळी द्यावीच लागते, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नेलेली. या नळीवर चावी बसवू नये, बूच मारू नये. आणि ही नळी बारीक असेल तर काही हिवाळ्यांत चुन्यानं आतून बंद होते, बाहेरून मात्र चांगली दिसते. म्हणून नळी निदान पाऊण इंची असावी आणि महिन्यातून एकदा मोकळी आहे का ते पाहावं. वसतिगृह, मंगल कार्यालय अशा ठिकाणच्या मोठ्या बंबांना तर हे आधी तपासावं. बंबातून ठोकल्यासारखा आवाज येणं, नळाची धार बारीक होणं, नळातून वाफ फुसफुसणं या धोक्याच्या खुणा आहेत. लगेच आग काढावी.

वर्षभराचं वेळापत्रक

- रोज : आधी पाणी, मग जाळ. राख थंड झाली की काढून टाकणे.
- आठवड्याला : तळाची चावी असेल तर बादलीभर पाणी सोडून गाळ काढणे. कारखान्यातलं ब्लोडाउन ते हेच.
- महिन्याला : नळीतली काजळी झाडणे, हवेची नळी आणि तोटी तपासणे.
- हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी : खपली पाहणे, नखाएवढी असेल तर लिंबूसत्वानं साफ करणे.
- पावसाळ्याआधी : पाणी, राख सगळं काढून, कोरडा करून, पालथा घालून आडोशाला ठेवणे.

शक्य असेल तिथं पाणीच बदलावं. बोअर आणि विहीर दोन्ही असतील तर बंबाला विहिरीचं पाणी वापरावं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून पुढचं टाकीत साठवलं तर ते तापवायला सगळ्यांत चांगलं. सोलर वॉटर हीटर असलेल्या घरांनाही हेच लागू आहे, क्षार काचेच्या नळ्यांतही बसतो आणि पाणी कमी तापायला लागतं. नवा बंब घेताना पत्र्याची जाडी विचारतो, तसं आपल्या पाण्याचा कठीणपणा किती हेही माहीत करून घ्यावं. कोणत्या धातूचा बंब घ्यायचा ते त्यावरूनच ठरतं.